कोलकात्यातील मदर हाऊस : मदर तेरेसांचे संग्रहालय, खोली आणि समाधी कशी पाहावी

कोलकात्याला जाणारी मराठी मंडळी दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट आणि व्हिक्टोरिया मेमोरियल आधीच ठरवून निघतात, आणि परतीच्या दिवशी दोन तास हाताशी उरले तर मदर हाऊसला जाऊन येतात. अशा घाईच्या भेटीत दारातून सरळ समाधीपाशी जायचे, हात जोडायचे, एखादे छायाचित्र घ्यायचे आणि निघायचे, एवढेच घडते. छोटे संग्रहालय राहून जाते आणि जिन्यावरची खोली तर कित्येकांना ठाऊकही नसते. मदर तेरेसांचे काम कसे सुरू झाले, त्यासाठी त्यांनी काय सोडले आणि किती थोडक्या वस्तूंवर त्या जगल्या, हे सांगणाऱ्या गोष्टी मात्र नेमक्या या दोन ठिकाणी आहेत. म्हणून या लेखात भेटीचा क्रम थोडा बदलून सुचवला आहे : आधी संग्रहालय, मग खोली आणि सर्वांत शेवटी समाधी.

दिवस आणि वेळ आधी ठरवा

मदर हाऊस हे मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेचे मुख्यालय आहे आणि मुख्य म्हणजे ते शेकडो व्रतस्थ भगिनींचे राहते घर आहे. तेथे प्रार्थना, स्वयंपाक, धुणीभांडी आणि नव्या भगिनींचे शिक्षण हे सारे रोज चालू असते. पाहुण्यांसाठी सकाळी ८ ते १२ आणि दुपारी ३ ते ६ अशा वेळा ठेवलेल्या आहेत. गुरुवारी पाहुण्यांना प्रवेश नसतो, आणि प्रवाशांची सर्वांत मोठी निराशा याच एका गोष्टीमुळे होते, कारण सहलीचा आराखडा आखताना ही सुट्टी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. याशिवाय २२ ऑगस्ट, ईस्टरनंतरचा सोमवार आणि २६ डिसेंबर या दिवशीही प्रवेश बंद ठेवण्याचा प्रघात आहे. सणावाराच्या दिवसांत वेळा बदलू शकतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून घेणे बरे. प्रवेशासाठी तिकीट नाही.

दिवसभरातील योग्य वेळ म्हणजे सकाळी साडेआठ ते दहा. त्यानंतर शाळांच्या सहली आणि प्रवासी कंपन्यांच्या बसगाड्या येऊ लागतात, आणि संग्रहालयाचे दालन लहान असल्यामुळे एकाच वेळी तीस-चाळीस माणसे आत शिरली की फलक वाचणे अशक्य होते. दुपारी जायचे असेल तर तीनच्या ठोक्याला पोहोचावे. बारा वाजण्याच्या बेताला जाणे टाळावे, कारण आवराआवर सुरू झालेली असताना खोलीपर्यंत जायला वेळ मिळत नाही. ऋतूंचा विचार केला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. मदरांचा जन्मदिवस २६ ऑगस्टला आणि स्मृतिदिन ५ सप्टेंबरला असतो. श्रद्धेने जाणाऱ्यांना या दिवसांचे मोल वेगळे आहे, मात्र संग्रहालय शांतपणे पाहू इच्छिणाऱ्याने ते दिवस टाळलेलेच चांगले.

पोहोचायचे कसे

पत्ता असा आहे : ५४ ए, आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. स्थानिक लोक या रस्त्याला ‘एजेसी बोस रोड’ म्हणतात. टॅक्सीवाल्याला पूर्ण पत्ता सांगण्यापेक्षा ‘मदर हाऊस, रिपन स्ट्रीटजवळ’ एवढे सांगितले तरी तो नेमका आणून सोडतो. मुंबईहून गीतांजली एक्सप्रेसने येणारा प्रवासी तीस-एकतीस तासांच्या प्रवासानंतर दुपारच्या सुमाराला हावड्याला उतरतो. त्याने त्याच दिवशी धावपळ न करता दुसऱ्या दिवशीची सकाळ या भेटीसाठी राखावी.

हावड्याहून आता सर्वांत सोपा मार्ग मेट्रोचा आहे. हुगळी नदीच्या पात्राखालून जाणारी ग्रीन लाइन ऑगस्ट २०२५ पासून हावडा ते सियालदह सलग धावते. सियालदहला उतरून दक्षिणेकडे मौलालीमार्गे जाणारी बस किंवा टॅक्सी घेतली की थोड्याच वेळात मदर हाऊस येते. ब्लू लाइनवरून येणाऱ्यांनी पार्क स्ट्रीट स्थानकावर उतरावे. २००४ मध्ये पार्क स्ट्रीटलाच मदर तेरेसा सरणी असे नाव दिले गेले, त्यामुळे नकाशावर मदरांचे नाव पाहून त्या रस्त्यावर मदर हाऊस शोधत फिरण्याचा प्रकार होतो. तसे करू नये. पार्क स्ट्रीटने चालत मल्लिक बाजारचा चौक आला की डावीकडे वळून एजेसी बोस रोडने उत्तरेला चालत यावे.

इमारत करड्या रंगाची, साधी आणि बाहेरून सहज नजरेतून सुटेल अशी आहे. प्रवेशाचे दार मोठ्या रस्त्यावर नाही. ते बाजूच्या अरुंद गल्लीत आहे.

जाण्याआधी एवढा इतिहास डोक्यात ठेवा

संग्रहालयातील मजकूर मुख्यतः इंग्रजीत आहे आणि तो कालक्रमाने मांडलेला आहे. पुढील घटना आधी माहीत असतील तर फलकांवरच्या तारखा बोलू लागतात. नसतील तर त्या केवळ तारखा राहतात. सोबत मुले किंवा इंग्रजी न वाचणारी वडीलधारी माणसे असतील तर एकाने हा भाग आदल्या रात्री त्यांना सांगून ठेवावा, म्हणजे दालनात मोठ्याने भाषांतर करत बसावे लागत नाही.

अन्येझे गोंजा बोयाजिऊ या मुलीचा जन्म २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोपिये येथे एका अल्बेनियन कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होते आणि आज ते उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. वडील निकोला १९१९ मध्ये अकाली गेले आणि आई द्राने हिने शिवणकाम-भरतकामावर घर सावरले. अठराव्या वर्षी, १९२८ मध्ये, ही मुलगी आयर्लंडला जाऊन लॉरेटो या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघात दाखल झाली, आणि ६ जानेवारी १९२९ रोजी कोलकात्याच्या बंदरात उतरली. आईची आणि तिची भेट पुन्हा कधीही झाली नाही. दार्जिलिंगला व्रतस्थ जीवनाचे प्रशिक्षण घेतल्यावर एन्टाली भागातील सेंट मेरीज शाळेत ती शिकवू लागली आणि १९४४ मध्ये तेथेच मुख्याध्यापिका झाली.

येथून पुढचा भाग समजून घेतल्याशिवाय या बाईंचे पाऊल किती वेगळे होते ते कळत नाही. त्या काळी लॉरेटोच्या भगिनी मठाच्या कुंपणाआड राहत, आणि अगदी आवश्यक कारणाखेरीज त्यांचे बाहेर पडणे होत नसे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत सिस्टर तेरेसा यांना जी आतून हाक आली तिचा अर्थ असा होता की, हे कुंपण ओलांडून झोपडवस्तीतील गरिबांमध्ये जाऊन राहायचे, आणि तेही संन्यासव्रत न मोडता. चर्चच्या शिस्तीत असे आपल्या मनाने करता येत नाही. कोलकात्याचे आर्चबिशप फेर्दिनां पेरिए यांनी त्यांना दीर्घकाळ थांबवून ठेवले, त्यांच्या हेतूची पारख केली आणि मगच विषय रोमकडे नेला. १९४८ च्या ऑगस्टमध्ये परवानगी हाती आली आणि १७ ऑगस्टला, निळ्या काठांची साधी पांढरी साडी नेसून, त्या लॉरेटोच्या दारातून बाहेर पडल्या. युरोपीय धर्मभगिनीने काळा झगा उतरवून बंगालमधल्या गरीब बाईची साडी हाच आपला व्रतवेश ठरवावा, ही गोष्ट तेव्हा किती अनपेक्षित होती याची आज, ती साडी इतकी ओळखीची झाल्यावर, कल्पना येत नाही.

पुढे पाटण्याला वैद्यकीय मिशनरी भगिनींकडे काही महिने शुश्रूषेचे शिक्षण घेऊन त्या परतल्या, आणि २१ डिसेंबर १९४८ रोजी प्रथम वस्तीत गेल्या. सेंट मेरीजच्या कुंपणाला लागूनच असलेल्या मोतीझील वस्तीत त्यांनी उघड्यावर शाळा भरवली. फळा नव्हता, म्हणून काठीने मातीत अक्षरे काढून मुलांना शिकवले. फेब्रुवारी १९४९ मध्ये क्रीक लेनवरील एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरात वरची खोली मिळाली, आणि मार्चमध्ये सुभाषिनी दास ही त्यांची जुनी विद्यार्थिनी पहिली सोबतीण म्हणून येऊन मिळाली. तीच पुढे सिस्टर ॲग्नेस झाली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाला चर्चची मान्यता मिळाली. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन नेहमीच्या व्रतांना या संघात चौथे व्रत जोडलेले आहे, ते म्हणजे गरिबांतल्या गरिबांची मनापासून विनामूल्य सेवा. भगिनींची संख्या वाढल्यावर १९५३ मध्ये आजची इमारत घेण्यात आली आणि ५ सप्टेंबर १९९७ रोजी मदरांनी याच वास्तूत देह ठेवला.

पहिला टप्पा : संग्रहालय

आत गेल्यावर मोकळे अंगण लागते. दारावर असलेल्या सिस्टरला संग्रहालय कोणत्या बाजूला आहे ते विचारावे आणि समाधीच्या दालनाकडे न वळता आधी तिकडे जावे. अनेक फलक आणि काही काचपेट्या एवढाच हा संग्रह आहे. मोठ्या वस्तुसंग्रहालयांची सवय असलेल्या माणसाला तो पाच मिनिटांत संपल्यासारखा वाटतो, तरीही येथे निदान पाऊण तास द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिल्या फेरीत फक्त फलक वाचावेत आणि वस्तूंकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे. दुसऱ्या फेरीत काचपेट्यांपाशी थांबावे. मदरांची साडी, झिजलेल्या चपला, जपमाळ, क्रूस आणि हस्ताक्षरातील पत्रे अशा येथील वस्तू आहेत. साडी नीट न्याहाळावी. जाड सुती कापड, पदराला आणि काठाला तीन निळ्या रेघा, त्यांतील कडेची रेघ रुंद आणि आतल्या दोन बारीक. या साड्या कोलकात्याच्या उत्तरेला टिटागढ येथील गांधीजी प्रेम निवासात कुष्ठरोगातून बरी झालेली माणसे आणि उपचार घेणारे रुग्ण हातमागावर विणतात, आणि जगभरातील या संघाच्या भगिनी त्याच नेसतात. ज्या माणसांच्या हातची वस्तू घ्यायला समाज कचरत होता त्यांच्याच हातचे वस्त्र भगिनींच्या अंगावर यावे, ही योजना मला त्यांच्या कोणत्याही भाषणाहून बोलकी वाटते.

पत्रांपाशी आणखी थोडे थांबावे. मदरांच्या निधनानंतर त्यांचा खासगी पत्रव्यवहार २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बाहेरचे काम वाढत असताना आत मात्र ईश्वराच्या अनुपस्थितीची जाणीव त्यांनी वर्षानुवर्षे सोसली, हे जगाला तेव्हा कळले. हे ठाऊक असलेला माणूस काचेमागचे हस्ताक्षर निराळ्या नजरेने वाचतो.

सन्मानांचे उल्लेख वाचताना १९६२ चा पद्मश्री आणि रॅमन मॅगसेसे पुरस्कार, १९७९ चे शांततेचे नोबेल आणि १९८० चे भारतरत्न हा क्रम लक्षात ठेवावा. नोबेलच्या वेळी मेजवानी रद्द करून तो पैसा गरिबांसाठी द्यावा, अशी विनंती त्यांनी केली होती आणि ती मानली गेली. महाराष्ट्रातील वाचकाने आणखी एक गोष्ट आठवावी. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईला आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेस हे कॅथलिकांचे मोठे अधिवेशन भरले, तेव्हा पोप सहावे पॉल यांनी येथे वापरलेली पांढरी लिंकन मोटार जाताना मदरांना भेट दिली. मदरांनी ती स्वतः न वापरता तिची सोडत काढली आणि मिळालेला निधी आसनसोलजवळच्या शांतीनगर या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी वापरला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे संग्रहालय त्यांच्याच भगिनींनी मांडलेले आहे, आणि त्यात श्रद्धेचा दृष्टिकोन असणार हे उघड आहे. मदरांच्या आश्रमांतील वैद्यकीय सोयींचा दर्जा, वेदनाशमनाकडे पाहण्याची दृष्टी, देणग्यांचा हिशेब आणि धर्मांतराविषयीचे आक्षेप यांवर देशात आणि बाहेर गंभीर टीका झालेली आहे. ती टीका वाचून जाणाऱ्याने ती दारावर टाकून देण्याची गरज नाही. मात्र दालनात उभे राहून सिस्टरांशी वाद घालण्याचे ते ठिकाण नव्हे, आणि कोणा पाहुण्याच्या प्रार्थनेत व्यत्यय आणण्याचे तर मुळीच नव्हे. संग्रहालय एक बाजू मांडते हे जाणून पाहिले, तर वस्तूंमधून कळते ते वेगळे आणि वादातून कळते ते वेगळे, हे आपोआप ध्यानात येते.

दुसरा टप्पा : खोली

अंगणातून जिना चढून गेले की मदरांची खोली लागते. आत शिरता येत नाही, ती बाहेरूनच पाहायची असते. येथे छायाचित्र काढण्यास मनाई आहे. या बंधनामुळेच ही खोली लोकांना लक्षपूर्वक पाहावी लागते, आणि म्हणून ते मला योग्य वाटते.

एक अरुंद खाट, लिहिण्याचे टेबल, बसायला साधे बाक, भिंतीवर खाटेच्या वर काटेरी मुकुट. ही खोली स्वयंपाकघराच्या वर आहे, त्यामुळे खालच्या चुलींची धग वर येते, आणि कोलकात्याच्या वैशाखातसुद्धा येथे पंखा नव्हता. मदरांनी तो लावू दिला नाही. याच टेबलावर बसून त्यांनी रात्री उशिरापर्यंत जगभरच्या पत्रांना उत्तरे लिहिली. एप्रिल-मे महिन्यात गेलेल्या माणसाला त्या दारात उभे राहिल्यावर दोन मिनिटांत जे अंगावर जाणवते ते वाचून कळणारे नाही. मागे रांग असते, म्हणून आधी काय पाहायचे ते ठरवून जावे : खाटेची रुंदी, टेबल, मुकुट, छत.

जिना चढउतार करणे ज्यांना त्रासाचे आहे त्यांनी दारावरच्या सिस्टरला तसे सांगावे. वृद्धांबरोबर गेलेल्यांनी एकाने खाली थांबून दुसऱ्याने वर जाऊन यावे, असा क्रम लावला तर कोणाचीच भेट अर्धवट राहत नाही.

तिसरा टप्पा : समाधी आणि प्रार्थनागृह

आता समाधीकडे यावे. तळमजल्यावरील साध्या दालनात पांढरी, कसलेही कोरीव काम नसलेली समाधी आहे. तिच्यावर ‘मी जशी तुम्हांवर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर प्रीती करा’ या अर्थाचे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन इंग्रजीत आहे. भगिनी झेंडूच्या पाकळ्यांनी समाधीवर एखादे छोटे वाक्य रेखतात आणि ते वेळोवेळी बदलत असते. हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती, परदेशी, शेजारच्या वस्तीतील बायका, शाळेला जाता जाता शिरलेली मुले असे सर्व प्रकारचे लोक येथे येतात आणि जो तो आपापल्या पद्धतीने नमस्कार करतो. कोणी काय करावे हे कोणी सांगत नाही. येथे छायाचित्र घेता येते, पण डोके टेकवून बसलेल्या माणसाच्या खांद्यावरून कॅमेरा पुढे काढू नये.

१३ सप्टेंबर १९९७ रोजी शासकीय इतमामात झालेल्या अंत्ययात्रेत महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांच्या अंत्ययात्रेतील तोफगाडाच वापरण्यात आला होता, आणि त्यानंतर मदरांना येथे विसावा देण्यात आला. १९ ऑक्टोबर २००३ रोजी त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) आणि ४ सप्टेंबर २०१६ रोजी ‘संत’ घोषित करण्यात आले. वसईकडून किंवा गोव्याकडून श्रद्धेने जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी सकाळी ६ वाजताच्या मिस्सेला, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक उपासनेला, जाण्याचा विचार जरूर करावा. वरच्या मजल्यावरील प्रार्थनागृहात बाके नाहीत, भगिनी जमिनीवरच बसतात. क्रूसाशेजारी ‘मला तहान लागली आहे’ हे येशूचे उद्गार इंग्रजीत लिहिलेले आहेत. मदर जेथे बसत तेथे मागच्या बाजूला त्यांची बैठी मूर्ती ठेवलेली आहे. खिडक्या एजेसी बोस रोडवर उघडतात आणि बसगाड्यांचे भोंगे प्रार्थनेच्या मध्येच ऐकू येतात. सकाळी थोडे लवकर पोहोचून चपला बाहेर काढाव्यात आणि मागे जागा घ्यावी.

काही नियम, सांगितले नसले तरी पाळण्याजोगे

खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. मोबाइल बंद ठेवावा. मठाच्या आतल्या भागांत, विशेषतः भगिनी कपडे धूत किंवा काम करत असतील तेथे, डोकावू नये आणि त्यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. देणगी द्यायची असल्यास ती आत सिस्टरकडेच द्यावी. गल्लीत ‘मदरच्या नावाने’ कोणी पैसे किंवा दुधाचे डबे मागत असेल तर त्याचा मदर हाऊसशी संबंध आहे असे धरून चालू नये.

अर्धा दिवस आणखी असेल तर

त्याच रस्त्यावर ७८ क्रमांकाला निर्मला शिशु भवन आहे, जे १९५५ पासून निराधार मुलांसाठी चालते. मुलांचे घर हे पाहण्याचे स्थळ नव्हे, त्यामुळे परवानगी मिळाली तरच आत जावे आणि मुलांची छायाचित्रे घेऊच नयेत.

निर्मल हृदयला मात्र जाऊन यावे. पार्क स्ट्रीटहून ब्लू लाइनने कालीघाट स्थानकावर उतरून मंदिराकडे चालत गेले की मंदिराला लागूनच ही वास्तू दिसते. कालीमातेच्या यात्रेकरूंची ती धर्मशाळा महापालिकेने १९५२ मध्ये मदरांना दिली, आणि रस्त्यावर मरणाच्या दारात पडलेल्या माणसांसाठी २२ ऑगस्टला तेथे आश्रम सुरू झाला. संग्रहालयात कालक्रमाने वाचलेल्या गोष्टींपैकी ही एक आजही जशीच्या तशी चालू आहे. आत रुग्ण असल्यामुळे तेथे गर्दी करून जाऊ नये. दोघे-तिघे असाल तर दारावर विचारावे, आणि नकार मिळाला तर बाहेरूनच वास्तू पाहून कालीमंदिराच्या दर्शनाला जावे. ज्यांना हे काम मुंबईतच जवळून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी भायखळ्याच्या सांकली स्ट्रीटवर याच भगिनींचे आशा दान आहे. तेथेही आधी विचारून, ठरवून दिलेल्या वेळीच जावे.